द्युमा रस्त्यालगतची भट्टी

पाँडिचेरीच्या समुद्रालगतच्या वस्तीत रस्ते दोरी धरून आखल्यासारखे सरळ जातात आणि एकमेकांना काटकोनात छेदतात. या सुबक आखणीचे श्रेय सर्वस्वी फ्रेंचांना देण्याचा प्रघात पडला आहे, परंतु तिचा मूळ आराखडा डचांचा. जिंजीच्या किल्ल्यात तळ देऊन असलेल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या दरबाराला द्रव्य मोजून डचांनी या ठाण्यावरचे हक्क मिळविले, १६९३ मध्ये फ्रेंचांना येथून उठवून लावले, आणि १६९७ च्या रिस्विकच्या तहान्वये ठाणे परत करावे लागले तोवरच्या आपल्या अल्पशा अमदानीत ही चौकट कागदावर रेखून ठेवली. पुढे १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकून त्यातील बहुतेक इमले जमीनदोस्त केले, तेव्हा परतून आलेल्या फ्रेंचांनी त्याच जुन्या रेषांवर नव्या भिंती उभ्या केल्या. आज प्रवासी ज्यांची छायाचित्रे घेतात ती पिवळ्या भिंतींची आणि पांढऱ्या काठांची घरे या पुनर्रचनेनंतरची होत. गावाच्या मधून एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेस युरोपियनांची जुनी वस्ती आणि पश्चिमेस ओसरीवर लाकडी खांब असलेली तमिळ घरे. कालव्याच्या कडेच्या रस्त्याला जिंजीचे नाव आहे, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या मनुष्याचे पाऊल त्या पाटीपाशी सहजच थबकते.

थबकण्याला कारणही तसेच आहे. विजापूरकरांचा सुभेदार शेरखान लोदी याच्या मेहेरबानीने १६७४ मध्ये फ्रांस्वा मार्तां या फ्रेंच कारभाऱ्याने येथे वखारीचा जम बसविला, त्याला जेमतेम तीन वर्षे होतात न होतात तोच शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले, जिंजी घेतली आणि शेरखानाचा मोड केला. मार्तांने तत्काळ महाराजांकडे आपला वकील रवाना केला आणि वखारीस उपद्रव होऊ नये असे अभयवचन मिळविले. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी, १७४० मध्ये, नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेने अर्काटचा नवाब दोस्त अली यास रणात ठार केले, आणि नवाबाच्या कुटुंबातील स्त्रियामुले पाँडिचेरीच्या तटाआड आश्रयास आली. येथला गव्हर्नर बन्वा द्युमा याच्याकडे रघूजींनी खंडणीची मागणी केली आणि आश्रितांना स्वाधीन करण्याचा तगादा लावला. द्युमाने दोन्हींस नकार दिला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज इतिहासकार मॅलेसन याने या प्रसंगाची एक हकीकत नमूद केली आहे. मराठ्यांचा वकील परत निघाला तेव्हा द्युमाने त्याच्याबरोबर नांत शहराकडील गोड, सुगंधी मद्याच्या काही बाटल्या दिल्या. त्या रघूजींच्या मर्जीतील एका स्त्रीस इतक्या पसंत पडल्या की आणखी मिळविण्यासाठी बोलण्याचा सूर मवाळ करावा लागला. मराठी फौज माघारी फिरली ती तटावरच्या तोफांचा अदमास घेऊन, हे कोणीही समंजस वाचक मान्य करील. तरीही फ्रेंच मिठास आणि मराठी मन यांची गाठ कोरोमंडलच्या या किनाऱ्यावर पावणेतीनशे वर्षांपूर्वीच पडली होती, एवढे त्यातून निःसंशय कळते.

त्याच द्युमाच्या नावाचा रस्ता समुद्राला समांतर धावतो, आणि त्याला फुटलेल्या एका आडगल्लीत ते उपाहारगृह आहे, ज्याच्याविषयी लिहावयाचे मी योजिले आहे. त्याचे नाव मी देत नाही, कारण मालकीणबाईंची तशी इच्छा आहे. शेजाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि तेवढे त्यांना पुरेसे वाटते. एकेकाळी बग्गी आत जाईल एवढ्या रुंदीचा दरवाजा. आत फरसबंद चौक. चौकाच्या तीन बाजूंना सागवानी तुळयांवर विटा आणि चुना घालून केलेल्या उंच गच्चीखाली संगमरवरी माथ्याची लहानशी मेजे. दर्शनी बाजूला काचेचे कपाट, त्यात वरच्या फळीवर क्रोसाँ, चॉकलेट घातलेल्या चौकोनी वळ्या, मनुकांची चक्रे; खालच्या थंड फळीवर लिंबाचे टार्ट, एक्लेअर आणि पापुद्र्यांचा मिल-फय. भिंतीवर पाटी, आणि पाटीवर खडूने लिहिलेले त्या दिवसाचे दोन-तीन पदार्थ. आयफेल मनोऱ्याचे चित्र कोठेही नाही, आणि ही गोष्ट मला प्रथमदर्शनीच आवडली.

मालकीणबाई तमिळ आहेत आणि नागरिकत्वाने फ्रेंच. ज्यांनी पाँडिचेरीचा इतिहास वाचलेला नाही त्यांना याचे नवल वाटेल. १ नोव्हेंबर १९५४ रोजी फ्रेंचांनी येथला कारभार प्रत्यक्षात भारताच्या हवाली केला, पण कायद्याने हस्तांतर पुरे होण्यास १६ ऑगस्ट १९६२ हा दिवस उजाडावा लागला. त्या वेळच्या तहातील कलमानुसार येथील रहिवाशांना फ्रेंच नागरिकत्व राखण्याची मुभा होती आणि काही हजार लोकांनी तसे निवेदन दाखल केले. त्यांत फ्रेंच सैन्यात नोकरी केलेल्या तमिळ कुटुंबांचा भरणा मोठा होता. बाईंचे आजोबा असेच शिपाई. इंडोचायनात नोकरी करून निवृत्तिवेतनावर घरी आलेले. सकाळच्या न्याहारीला इडलीबरोबर पावाची वीतभर कांडी त्यांना लागे, आणि ती कॉफीत बुडवून खाण्याची त्यांची पद्धत घरातल्या मुलांनीही उचलली. बाईंचे शिक्षण येथल्या फ्रेंच शाळेत, १८२६ पासून चालत आलेल्या लिसेत झाले. काही वर्षे फ्रान्समध्ये नोकरी झाली. आणि आईचे वय झाले तेव्हा त्या परत आल्या. “पॅरिसची आठवण म्हणून हे काढलेले नाही,” त्या म्हणाल्या, “आमच्या गल्लीत सकाळचा चांगला पाव मिळेनासा झाला होता, म्हणून काढले.”

परंतु या दुकानाचा प्राण दर्शनी दालनात नाही, चौकाच्या मागील बाजूस असलेल्या भट्टीघरात आहे. आणि ते पाहावयाचे तर पहाटे चारच्या आत यावे लागते. कालव्यापलीकडून, विलियनूरच्या वाटेने, ज्यांना सारे जण अण्णा म्हणतात ते मुख्य कारागीर त्याच्याही आधी येऊन पोहोचलेले असतात. पन्नाशीच्या घरातला, कमी बोलणारा हा मनुष्य मुलगा असताना एका बेकरीत ट्रे धुण्याच्या कामावर लागला, आणि काही वर्षे येथे राहून गेलेल्या एका फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली तयार झाला. ते तमिळ बोलतात, कृतींची नावे तेवढी फ्रेंच. बाई मध्ये बसून मला अर्थ सांगत होत्या.

क्रोसाँचा सारा मामला उष्णतेचा आहे. मैदा, दूध, साखर, मीठ, यीस्ट आणि किंचित लोणी यांची कणीक आदल्या दिवशी तिंबून रात्रभर थंड ठेवतात. त्याच वेळी लोण्याची चौकोनी सपाट वडी थापून तीही थंड होते. पहाटे कणीक लाटून तिच्या पोटात ती वडी मिटवावयाची, पुन्हा लांब लाटावयाचे, पत्राची घडी घालावी तशी तिपदरी घडी घालावयाची, थंडीत विसावा द्यावयाचा, आणि हाच क्रम आणखी दोनदा करावयाचा. तीन तिपदरी घड्यांत लोण्याचे २७ थर होतात. हे थर अभंग राहिले तर भट्टीत गेल्यावर लोण्यातील पाण्याची वाफ होते, ती वाफ कणकेच्या एकेका पदराला वर उचलते, स्निग्धांश दोन पदरांना चिकटू देत नाही, आणि कापल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. थर फाटले किंवा लोणी वितळून कणकेत मुरले तर हाती येतो तो निव्वळ गोडसर पाव.

लोणी २० अंशांच्या वर मऊ पडू लागते आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पुरते वितळते. पाँडिचेरीत मे महिन्यात पारा ३८-४० पर्यंत चढतो, आणि रात्रीसुद्धा २७-२८ च्या खाली क्वचितच उतरतो. म्हणजे ज्या हवेत हा पदार्थ निसर्गतः घडूच नये, त्या हवेत तो रोज घडवावयाचा आहे. भट्टीघराशेजारी एक खोली वातानुकूलित यंत्राने थंड केलेली असते, तिच्यात ओट्यावर जाड संगमरवरी फरशी आहे, आणि घड्यांचे काम उजाडण्यापूर्वी उरकलेच पाहिजे असा शिरस्ता आहे. एके वर्षी ऐन उन्हाळ्यात दुसऱ्या घडीच्या वेळी वीज गेली आणि जनित्रही चालू होईना. तेव्हा अण्णांनी सारी कणीक गोळा करून तिचे साधे गोड पाव भाजले आणि त्या दिवशी पाटीवर ‘क्रोसाँ नाहीत’ असे लिहावयास लावले. नरम पडलेले लोणी घेऊन तशीच वळी करावी आणि गिऱ्हाइकाला काय कळते म्हणून खपवावी, हा विचार त्यांना शिवला नाही.

त्यांची एक लकब मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. थंडीतून काढलेली लोण्याची वडी ते ओट्याच्या कडेवर अर्धी बाहेर ठेवीत आणि दोन्ही हातांनी हलकेच खाली वाकवीत. वडी तडकली तर ती फार थंड; लाटताना तिचे तुकडे पडतील आणि कणकेत जागोजाग लोण्याची बेटे होतील. ओघळल्यासारखी लोंबली तर फार ऊन. ओल्या चामड्याच्या पट्ट्याप्रमाणे ती न तुटता वळली की मग अंगठ्याने कणीक दाबावयाची, आणि दोहोंचा घट्टपणा जुळला अशी खात्री झाली म्हणजेच लाटणे हाती घ्यावयाचे. शेजारी भिंतीला तापमापक टांगलेला होता. अण्णांनी त्याकडे पाहिल्याचे मला आढळले नाही, पण हाताखालच्या दोघा पोरांना मात्र ते दर वेळी आकडा वाचून सांगावयास लावीत.

साहित्याचीही कटकट कमी नसते. आपल्याकडील कायद्याने लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो. फ्रान्समध्ये तो ८२, आणि घड्यांच्या कामासाठी खास बनविलेल्या लोण्यात ८४. हे दोन-चार टक्के ऐकताना क्षुल्लक वाटतात, परंतु जेवढे पाणी अधिक तेवढी वडी लवकर ढिली पडते. मैदाही आपला वेगळा: बारीक, पांढराशुभ्र, पण ताणाला कमी, म्हणून त्यात अधिक चिवट पिठाची भर घालावी लागते. गव्हाचे एक कणीसही न पिकणाऱ्या, सर्वस्वी भाताच्या मुलखात हे सारे चालले आहे, याचा विसर पडू देता कामा नये.

मराठी वाचकाला हे तंत्र पूर्णतः अपरिचित मात्र नाही. आपल्या बेकऱ्यांतील खारी याच कुळातली: तीही घड्यांवर घड्या घालून पापुद्रे सुटलेली. फरक असा की तिच्यात यीस्ट नसते आणि बहुधा लोण्याऐवजी वनस्पती तूप असते, जे उन्हाळी हवेत लोण्यापेक्षा उशिरा वितळते. म्हणून पुण्या-मुंबईच्या उकाड्यात खारीचा कारागीर निभावून नेतो. फ्रान्समध्येही लोण्याऐवजी कृत्रिम चरबी वापरलेला स्वस्त क्रोसाँ मिळतो आणि संकेत असा आहे की तो चंद्रकोरीसारखा वाकवावा, लोण्याचा सरळ ठेवावा. अण्णांचे क्रोसाँ सरळ असतात.

या पदार्थाच्या जन्माची एक कथा सर्वतोमुखी आहे: १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा दिला, पहाटे जाग्या असलेल्या भटारांनी सुरुंग खणण्याचा आवाज ऐकून इशारा दिला, आणि विजयाची खूण म्हणून शत्रूच्या निशाणावरील चंद्रकोरीचा पाव केला. तत्कालीन दप्तरात तिला आधार नाही. आधार आहे तो एवढ्यालाच की ऑगुस्ट त्साङ नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये रिशलिय रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी थाटली, तेथील चंद्रकोरी पाव लोकांस आवडला, फ्रेंच भटारांनी त्याचे अनुकरण केले, आणि आजची लोण्याच्या थरांची घडण त्याला विसाव्या शतकात प्राप्त झाली. म्हणजे ज्याला जग फ्रेंच सकाळचे चिन्ह समजते तोही मुळात परदेशातून येऊन स्थायिक झालेला. पाँडिचेरीत तो परका ठरवावयाचा असेल तर पॅरिसमध्येही ठरवावा लागेल.

साडेसहाला पहिला पाव बाहेर येतो. फ्रान्सने आपल्या पावाची प्रतिष्ठा कायद्याने जपली आहे: १९९३ च्या हुकूमनाम्यान्वये ‘फ्रेंच परंपरेचा पाव’ या नावाखाली विकावयाच्या पावात कसलीही कृत्रिम भर चालत नाही आणि तो गोठविता येत नाही, १९९८ च्या कायद्यान्वये ज्या दुकानात पीठ मळणे, आकार देणे आणि भाजणे तेथल्या तेथे होते त्यानेच ‘बूलांजरी’ अशी पाटी लावावयाची, आणि २०२२ मध्ये युनेस्कोने ‘बागेत’ म्हणजे पावाच्या लांब कांडीच्या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशात दाखल करून घेतले. यांपैकी कोणताही कायदा कालव्याच्या या काठी लागू नाही. तरी अण्णांच्या पावात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांखेरीज काही नसते, आणि तो संध्याकाळी शिळा होतो. शिळा होणे हा चांगल्या पावाचा गुणच आहे, असे बाईंचे म्हणणे, आणि मी त्याच्याशी सर्वस्वी सहमत आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. फ्रान्समध्ये पावाचे दुकान, मिठाईचे दुकान, काफे आणि चहापानाचे दालन हे निरनिराळे धंदे होत. पॅरिसचे ‘प्रोकोप’ हे काफे १६८६ पासूनचे, आणि त्याची ख्याती पेयांवर व बैठकीवर उभी राहिली, भट्टीवर नव्हे. मोहल्ल्यातील लहानशा जागेत हे सारे एकत्र नांदते ते गरजेने: सकाळी पाव विकावा, दहाला कॉफी द्यावी, दुपारी हलके जेवण वाढावे आणि चारला पुन्हा गोडाकडे वळावे, तरच भाडे निघते.

दुपारच्या जेवणाची पाटी साधारण अकराला लिहिली जाते, आणि ती त्या सकाळी गुबेर मंडईत काय मिळाले यावर अवलंबून असते. कीश हा लोरेन प्रांताचा पदार्थ, अंडी-साय आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा; येथे त्याच्या पोटात पालक असतो, पावसाळ्यात कधी शेवग्याचा कोवळा पाला. प्रथम ऐकून मला शंका आली होती, परंतु शेवग्याच्या पाल्याचा तो किंचित उग्र हिरवेपणा सायीच्या मवाळपणाला असा तोलून धरतो की मूळच्या मांसाची उणीव भासत नाही. क्रोक-मस्य हा भाजलेल्या पावाचा, मांस, चीज आणि पांढऱ्या सॉसचा प्रकार १९१० च्या सुमारास पॅरिसच्या काफ्यांत दिसू लागला, आणि प्रूस्तच्या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरी-खंडात त्याचा उल्लेख सापडतो. त्याला येथे ऑरोविलच्या गोठ्याकडील चीज लागते. हे चीज वितळताना तेल सोडीत नाही, आणि वर तांबूस पापुद्रा धरते. बरोबर मोहरीच्या तिखटसर रसात कालवलेली पालेभाजीची कोशिंबीर. तिच्यात साखर घालीत नाहीत, हे मराठी जिभेला आधी खटकते आणि मग पटते. येथील जेवण अंगावर येत नाही. उन्हाच्या मुलखात दुपारी दीडला पोट भरूनही मनुष्य चालू शकतो, हा या हलक्या जेवणाचा मोठाच गुण मानला पाहिजे.

गोड पदार्थांत मला लिंबाच्या टार्टाविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. फ्रान्समध्ये त्यासाठी पिवळे, जाड सालीचे लिंबू. येथे आपले कागदी लिंबू, ज्याची आंबटाई टोकदार आणि वास अधिक तीव्र. अण्णा साखर वाढवीत नाहीत, लोणी वाढवितात, आणि रसाबरोबर सालीचा किसही शिजवून नंतर गाळून काढतात. त्यामुळे आंबटपणा जिभेवर आला तरी दातांवर चढत नाही. खालची वाटी इतकी पातळ की सुरीच्या दाबाने एकदम तुटावी, आणि कणी मात्र सुटू नये. मी पॅरिसमध्येही टार्ट खाल्ले आहे, आणि या टार्टाला त्यांच्या पंक्तीत मान खाली घालावी लागणार नाही, असे पूर्ण जबाबदारीने लिहितो.

चौकातल्या जास्वंदीजवळच्या मेजावर रोज नऊच्या सुमारास एक वृद्ध मराठी बाई बसलेल्या असतात. मूळच्या नागपूरच्या, शाळेतून निवृत्त होऊन श्रीअरविंद आश्रमाच्या ओढीने येथे येऊन राहिलेल्या. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत १८९३ ते १९०६ अशी वर्षे काढलेले, तेथेच मराठी शिकलेले श्रीअरविंद १९१० मध्ये इंग्रज सरकारच्या हद्दीबाहेर म्हणून या फ्रेंच ठाण्यात आले. त्यांच्या पाठोपाठ ज्या ज्या प्रांतांतून माणसे आली त्यांत महाराष्ट्रही होता. मी मराठीत बोलतो आहे असे कानी पडताच त्यांनी हाताने खूण केली.

“बसा ना जी, उभे काय राहता! काय घेता?”

“तुम्ही सांगाल ते, काकू.”

“मग क्रोसाँ घ्या, पण चहासंगं नका घेऊ, कॉफीसंगं घ्या. अन् घाई नका करू. इथं एक कॉफी घेतली का बारा वाजेपर्यंत बसा, कोणी उठवत नाही. मागितल्याबिगर बिल आणून ठेवत नाहीत, पाहा.”

हा शेवटचा मुद्दा त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. गिऱ्हाईक मागेल तेव्हाच हिशेबाचा कागद मेजावर ठेवावा, तोवर ती जागा त्याची, हा अस्सल फ्रेंच रिवाज आहे. निळ्या पाट्या आणि वेताच्या खुर्च्या कोणत्याही शहरात मागवून मांडता येतात. हा रिवाज मागविता येत नाही, तो मालकाला रोज स्वतःच्या गल्ल्यातून भरावा लागतो. काकूंच्या पलीकडे एक निवृत्त सैनिक फ्रेंच वर्तमानपत्र वाचीत होते. दोघी मुली लिसेत जाण्यापूर्वी चॉकलेटची वळी वाटून खात होत्या. पलीकडच्या घराचा रखवालदार दारातूनच पावाची कांडी घेऊन, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, काखेत धरून गेला. कॉफी दोन परींची मिळते: यंत्रातली कडू, आणि पितळी दवर्‍यातली तमिळ. तमिळ कॉफीत चिकोरी असते. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजी मालाची नाकेबंदी केली तेव्हा कॉफीच्या तुटवड्यामुळे फ्रेंचांनाही चिकोरीची सवय लागली, आणि उत्तर फ्रान्समध्ये ती अद्याप टिकून आहे. त्या सैनिकाच्या पुढ्यात दवरा होता आणि दवऱ्यात पाव बुडत होता.

रविवारी सकाळी द्युमा रस्त्यावरच्या गुलाबी चर्चमधील, १८५५ पासूनच्या नोत्र दाम दे झांजमधील प्रार्थना सुटली म्हणजे कुटुंबेच्या कुटुंबे मिठाईची खोकी न्यावयास येतात. परंतु शनिवार-रविवार हेच दिवस अडचणीचेही. चेन्नई-बेंगळूरहून मोटारी भरून पाहुणे येतात, दरवाज्यात उभे राहून छायाचित्रे घेतात, आणि शेजाऱ्यांना बसावयास जागा उरत नाही. पाहुण्यांवर माझा रोष नाही. त्यांच्या पैशावर दुकानाचे वीजबिल निघते हे बाई स्वतः सांगतात. चिंता निराळीच आहे. घराघरांतून कुटुंबे उठत आहेत आणि त्यांच्या जागी हॉटेले येत आहेत. भाडी वाढली की पाव घेणारा रखवालदार, कॉफी पिणारा सैनिक आणि वळी वाटून खाणाऱ्या मुली यांचे बिऱ्हाड कालव्यापलीकडे, मग त्याहीपलीकडे सरकणार. वास्तूंची डागडुजी व्हावी म्हणून येथे अनेक संस्थांनी मनापासून झटून काम केले आहे आणि त्याचे फळ रस्त्यांवर दिसते. परंतु भिंतींबरोबर भिंतींमधले रहिवासी राखण्याची तजवीज कोणाच्याही दप्तरी दिसत नाही, आणि ती झाली पाहिजे असे मला तीव्रतेने वाटते. बाईंनी आपल्यापुरता एक नियम केला आहे: रोजच्या गिऱ्हाइकांची मेजे सकाळी साडेनऊपर्यंत राखीव, शनिवारीही. त्यावरून तक्रारी होतात. नियम चालू आहे.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथला खरा पावसाळा, आणि तो कारागिराची निराळी परीक्षा पाहतो. हवेतील ओल क्रोसाँच्या कुरकुरीत कवचात तासा-दोन तासांत शिरते, एक्लेअरवरच्या साखरेला घाम फुटतो, आणि अंड्याच्या पांढऱ्याचे मेरांग तर करावयाचेच नाही. त्या दिवसांत अण्णा एका वेळी सारा माल भाजीत नाहीत. थोडा सहाला, थोडा आठला, थोडा दहाला. डिसेंबर लागला की पाँडिचेरीच्या ख्रिस्ती घरांतला विविकम केक सुरू होतो, रव्याचा, रममध्ये मुरविलेल्या सुक्या मेव्याचा. तो कोणत्याही फ्रेंच पुस्तकात सापडणार नाही. बाईंकडे तो आईच्या वहीतून आलेला आहे, आणि त्यात लोणी किती फेसावे याविषयी त्यांचे आणि अण्णांचे दरवर्षी मतभेद होतात.

दिवस संपताना काचेच्या कपाटात काही क्रोसाँ उरतातच, आणि उरलेला माल दुसऱ्या दिवशी ताजा म्हणून मांडावयाचा नाही, हा भट्टीचा कायदा. त्यांचे काय करतात, असे मी विचारले. अण्णांनी एक ट्रे पुढे ओढला. शिळे क्रोसाँ आडवे चिरून रम घातलेल्या साखरेच्या पातळ पाकात बुडवावयाचे, पोटात आणि पाठीवर बदामाची पूड, लोणी, साखर आणि अंडे यांचे मिश्रण भरावयाचे, वर बदामाचे काप पसरून पुन्हा भाजावयाचे. फ्रान्समध्येही बदामाचा क्रोसाँ असाच, आदल्या दिवसाच्या मालातून जन्माला आला आणि ताज्याहून महाग विकला जाऊ लागला. येथे तो फार लोकप्रिय आहे. दूरचे पाहुणे नाव घेऊन मागतात. त्याच्यासाठी मुद्दाम चार ट्रे जास्त भाजावेत असे एका पुरवठादाराने सुचविले होते. मी तेथे असताना शनिवारी सकाळी एका तरुण दांपत्याने सहा मागितले, तेव्हा बाईंनी कपाटाकडे हात दाखवून सांगितले, “आज नाहीत. काल काही उरलेच नाही.”